वॉर्ड क्लार्क म्हणून नवीन लागताय? कुठले शब्द शिकायचे आणि इमर्जन्सीत काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: बीकॉम झालंय, हॉस्पिटलचा काहीच अनुभव नाही, दीडशे बेडच्या खाजगी हॉस्पिटलमध्ये वॉर्ड क्लार्क म्हणून निवड झालीय, पुढच्या आठवड्यात जॉइनिंग आहे, तर मेडिकलचे एवढे सगळे शब्द कसे पाठ करायचे, वॉर्डात इमर्जन्सी आली तर क्लार्कने नक्की काय करायचं, आणि जॉइन व्हायच्या आधी कुठला कोर्स करू का. मी पुण्यात बरीच वर्षं हेच काम केलंय आणि आता नवीन येणाऱ्या मुलामुलींना शिकवते, म्हणून सविस्तर लिहितेय, वेळ काढून वाचा.

सगळ्यात आधी हे पक्कं करा की उपचार काय द्यायचे ते डॉक्टर ठरवतात, सिस्टर देतात. तुमचं काम म्हणजे निरोप जसाच्या तसा, योग्य माणसाकडे, वेळेसकट पोहोचवणं आणि तो पोहोचला की नाही याची खात्री करून घेणं. ऐकायला सोपं वाटतं पण वॉर्डात जे घोळ होतात त्यातले कितीतरी निरोपातच होतात, औषधात नाही. त्यामुळे शब्द शिकायचे ते डॉक्टर व्हायला नाही, निरोप बिघडू नये म्हणून शिकायचे.

पाठांतराचं टेन्शन घेऊ नका. डिक्शनरी घेऊन बसायची गरज नाही, रोज फाइलमध्ये जे दिसतं तेवढंच आधी घ्या. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा, एचएस रात्री झोपताना, एसओएस म्हणजे गरज लागली तरच आणि स्टॅट म्हणजे आत्ता, या क्षणी. स्टॅट लिहिलेलं ब्लड सँपल किंवा औषधाचा इंडेंट (मागणीपत्र) नेहमीच्या ट्रेमध्ये टाकून द्यायचा नसतो, लॅबला किंवा फार्मसीला फोन करून सांगायचं आणि माणूस हातात देऊन पाठवायचा. सीओ म्हणजे पेशंटची तक्रार, केसीओ म्हणजे आधीपासून असलेला आजार, डीएम शुगर, एचटीएन बीपी, आयएचडी हृदयाचा त्रास, सीव्हीए पॅरालिसिसचा झटका, हे पहिल्या महिन्यात आपोआप तोंडात बसतं.

एनबीएम मात्र पहिल्या दिवशीच शिका, कारण तो क्लार्कच्या गळ्याशी येणारा शब्द आहे. एनबीएम म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही. ऑपरेशनच्या आधी साधारणपणे हलकं खाणं सहा तास आणि पाणी दोन तास बंद ठेवतात, नेमकी वेळ भूलतज्ज्ञ ठरवतात. आता होतं काय, रात्री डॉक्टरांनी फाइलमध्ये एनबीएम लिहिलेलं असतं, सिस्टरने पेशंटला सांगितलेलं असतं, पण किचनच्या डाएट शीटवर ते चढलेलंच नसतं, मग सकाळी सातला किचनचे मामा प्रेमाने चहा-बिस्किटं ठेवून जातात, आजोबांना वाटतं हॉस्पिटलनेच दिलंय म्हणजे चालत असेल, आणि साडेआठला ओटीमधून (ऑपरेशन थिएटरमधून) फोन येतो की केस पुढे ढकला. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते उलटून श्वासनलिकेत जायची भीती असते, म्हणून ढकलतात, उगाच नाही. डाएट शीट अपडेट करणं बऱ्याच ठिकाणी क्लार्ककडे असतं, तेव्हा संध्याकाळी ओटी लिस्ट आली की प्रत्येक नाव डाएट शीटशी ताडून बघायचं, बेडवर पाटी लागली का ते बघायचं आणि नातेवाइकांना पण एकदा सांगायचं, कारण घरून डबा घेऊन येणारे तेच असतात.

ऑपरेशनच्या नावांचं बघा, शेवट लक्षात ठेवला की अर्धं काम होतं. शेवटी एक्टमी असेल तर काहीतरी काढून टाकणार, जसं अपेंडिसेक्टमी, हिस्टरेक्टमी. शेवटी ओटमी असेल तर नुसतं उघडणार, जसं लॅपरोटमी म्हणजे पोट उघडून बघणं. शेवटी ऑस्टमी असेल तर बाहेर तोंड करून ठेवणार, जसं कोलोस्टमी, ट्रॅकिओस्टमी. ओटी बुकिंगचा फॉर्म भरताना एका अक्षराचा फरक म्हणजे वेगळी सर्जरी. आणि डावं-उजवं कधीही एका अक्षरात लिहू नका, पूर्ण लिहा, फाइलमधून बघून लिहा, फोनवर ऐकून नाही.

काही गोष्टी फोनवर ऐकताना हमखास फसवतात. हायपो आणि हायपर हे त्यात सगळ्यात वाईट, एक म्हणजे कमी आणि एक म्हणजे जास्त, शुगर कमी झालेल्या पेशंटला जे करतात त्याच्या नेमकं उलट शुगर वाढलेल्याला करतात. मी आमच्या मुलांना सांगते की फोनवर हायपो, हायपर असं बोलायचंच नाही, सरळ "शुगर कमी आलीय, 48" असं आकड्यासकट बोलायचं. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास आणि डिस्फेझिया म्हणजे बोलायला त्रास, हेही तसंच, रेफरन्सचा फोन वेगळ्याच डॉक्टरकडे जातो. ओडी औषधाच्या कागदावर दिवसातून एकदा, पण डोळ्यांच्या फाइलमध्ये ओडी म्हणजे उजवा डोळा. इन्सुलिनपुढे युनिटसाठी नुसतं इंग्रजी यू अक्षर काढलं की ते शून्यासारखं दिसतं आणि 10 चे 100 वाचले जातात, म्हणून युनिट हा शब्द पूर्ण लिहितात. 5.0 लिहायचं नाही कारण पॉइंट पुसट असेल तर 50 दिसतो, आणि अर्धा लिहायचा असेल तर पॉइंटच्या आधी शून्य द्यायचं, 0.5. तुम्ही ऑर्डर लिहिणार नाही हे मला माहीत आहे, पण इंडेंट तुम्ही टाइप करणार आणि तिथे हेच आकडे येतात. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने टाइप करायचं नाही, ज्यांनी लिहिलंय त्यांनाच विचारायचं, भले डॉक्टर चिडोत.

आता पेशंटची ओळख. बेड नंबर म्हणजे पेशंट नव्हे, हे भिंतीवर लिहून लावा. बेड बदलतात, दुपारी 12 नंबरवरचे आजोबा सेमीप्रायव्हेटमध्ये गेलेले असतात आणि तिथे नवीन ॲडमिशन आलेली असते. नेहमी दोन खुणा जुळवायच्या, पूर्ण नाव आणि यूएचआयडी नंबर (हॉस्पिटलने पेशंटला दिलेला कायमचा नंबर), रिपोर्ट फाइलला लावताना, फोनवर बोलताना, एक्स-रेला पाठवताना, प्रत्येक वेळी. एकाच मजल्यावर दोन पवार आजी असणं आपल्याकडे अगदी नेहमीचं आहे, अशा वेळी दोन्ही फाइलवर नेम अलर्टचा स्टिकर लावायचा आणि सिस्टरना हँडओव्हरमध्ये तोंडी पण सांगायचं.

लॅबचा क्रिटिकल व्हॅल्यूचा, म्हणजे जिवाला धोका दाखवणाऱ्या रिपोर्टचा, फोन बहुतेक वेळा काउंटरवर क्लार्कच उचलतो म्हणून तो कसा घ्यायचा ते दाखवते. लॅबवाला घाईत म्हणतो, "थर्ड फ्लोअर ना, 14 नंबरचं पोटॅशियम 6.8 आहे, सांगा सिस्टरना," आणि ठेवायला बघतो. ठेवू द्यायचा नाही. म्हणायचं, "एक मिनिट, नाव आणि यूएचआयडी सांगा." तो सांगेल, तुम्ही स्क्रीनवर बघा. मग "सिस्टरना फोन देते, लाइनवर थांबा." तुमच्या हॉस्पिटलच्या पॉलिसीत क्लार्कला व्हॅल्यू घ्यायची परवानगी नसेल, बऱ्याच ठिकाणी नसते, तर फोन सिस्टरच्याच हातात जायला हवा. परवानगी असेल तर रजिस्टरमध्ये लिहा आणि लिहिलेलं परत वाचून दाखवा: "पोटॅशियम सहा पॉइंट आठ, सहा, पॉइंट, आठ, बरोबर?" त्याचं नाव, वेळ, आणि मग सिस्टरला प्रत्यक्ष जाऊन सांगितल्याची वेळ. काउंटरवर चिठ्ठी चिकटवून ठेवणं म्हणजे सांगणं नव्हे. पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 च्या आसपास असतं, 6.8 ला हृदयाचा ठोका बिघडू शकतो. कधीकधी सँपलमधल्या पेशी फुटल्या तरी आकडा वाढलेला येतो, पण ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही "परत काढतील बहुतेक" असं स्वतःच्या मनाने म्हणून थांबायचं नाही.

आणि फोनवरून डॉक्टर औषधाची ऑर्डर सांगायला लागले तर नम्रपणे "सर, सिस्टरना देते" एवढंच. कितीही सीनियर डॉक्टर असू दे, क्लार्कने तोंडी ऑर्डर घ्यायची नाही.

आता कोडबद्दल, म्हणजे इमर्जन्सीत स्पीकरवरून देतात त्या सांकेतिक हाकेबद्दल. कोड ब्लू म्हणजे कार्डिअॅक अरेस्ट (हृदय बंद पडणं), कोड रेड आग, कोड पिंक बाळ पळवून नेणं, हे तीन बहुतेक हॉस्पिटलमध्ये सारखे असतात. बाकी यलो, ऑरेंज, ब्लॅक, व्हायोलेट यांचे अर्थ हॉस्पिटलगणिक बदलतात, एका ठिकाणी यलो म्हणजे बाहेर मोठा अपघात होऊन एकदम खूप पेशंट येणं, दुसऱ्या ठिकाणी वेगळंच. त्यामुळे नेटवरचा चार्ट पाठ करू नका, तुमच्या आयकार्डमागे किंवा काउंटरवर जो छापलेला असेल तोच खरा.

कोड ब्लूला जे काय व्हायचं ते सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांतच होतं. ज्या अरेस्टमध्ये शॉकचा उपयोग होतो, त्यात सीपीआर (छाती दाबून हृदय चालवणं) आणि शॉक न मिळता जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला पेशंट वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी कमी होते. सिस्टर ओरडली "कोड ब्लू" की तुम्ही कोडचा एक्स्टेन्शन लावायचा आणि एका दमात सांगायचं: कोड ब्लू, तिसरा मजला, फीमेल वॉर्ड, बेड 14. ऑपरेटरने परत म्हटलं का ते ऐकायचं, आणि स्पीकरवर अनाउन्समेंट खरंच झाली का त्याकडे कान ठेवायचा, कारण कधी स्पीकर बंद असतो, कधी ऑपरेटर मजला चुकीचा बोलतो. मोठ्यांचा कोड आहे की लहान मुलाचा हेही सांगा, टीम वेगळी असू शकते.

फोन झाला की तुमची खरी धावपळ सुरू होते, आणि ती बेडपासून लांब असते. वॉर्ड बॉयला लिफ्ट धरून ठेवायला पाठवा म्हणजे टीम अडकत नाही. क्रॅश कार्टच्या (इमर्जन्सीच्या औषधांच्या ट्रॉलीच्या) वाटेतल्या खुर्च्या, स्ट्रेचर, नातेवाइकांच्या पिशव्या हलवा. फाइल आणि आजचे रिपोर्ट, ॲलर्जीचा उल्लेख, ओटी झाली असेल तर त्याची नोट, हे सगळं टीम लीडरच्या हाताशी नेऊन ठेवा, टेबलावर नाही, हाताशी. फाइलमध्ये डीएनएआरचा (हृदय थांबलं तर सीपीआर करू नये असा) फॉर्म दिसला तर इन्चार्ज सिस्टरला त्याच क्षणी दाखवा, पण त्यावरून कोड सांगायचा की नाही हे तुम्ही ठरवू नका. मग पेशंटच्या मुख्य डॉक्टरांना फोन, आयसीयूला बेड आहे का हा फोन, आणि व्हेंटिलेटर लागेल का हे विचारून घ्या.

वेळेची नोंद सिस्टर करत असेल तरी बऱ्याचदा त्या तुम्हालाच विचारतात किती वाजले. इथे एक बारीक गोष्ट आहे जी फारसं कुणी सांगत नाही: भिंतीवरचं घड्याळ, मॉनिटरचं घड्याळ आणि तुमचा मोबाइल यात दोन-चार मिनिटांचा फरक असतो. कोड सुरू झाला की एकच घड्याळ धरा, मोठ्याने सांगा की भिंतीवरचं धरलंय, आणि शेवटपर्यंत तेच वापरा. ॲड्रिनॅलिन दर 3 ते 5 मिनिटांनी देतात, छातीवर दाब देणारा माणूस दर दोन मिनिटांनी बदलतात, सगळा हिशोब घड्याळावर चालतो. नंतर कागदावर औषध आधी आणि अरेस्ट नंतर असं दिसलं तर त्याचं उत्तर देत बसावं लागतं.

नातेवाईक. त्यांना सांभाळणं हे त्या वेळी तुमचं सगळ्यात माणुसकीचं काम आहे आणि सगळ्यात अवघड पण. त्यांना बेडजवळून बाजूला घ्या, बसवा, पाणी द्या, आणि जे खरं आहे तेवढंच सांगा: "डॉक्टरांची पूर्ण टीम काकूंजवळ आहे, मी इथेच आहे, डॉक्टर स्वतः येऊन तुमच्याशी बोलतील." सगळं ठीक होईल म्हणू नका, गेले असंही नाही, डोळ्यांनी दिसत असलं तरी नाही. मृत्यू सांगायचं काम डॉक्टरांचं. आणि नातेवाइकांना एकटं सोडू नका, बिलाचा विषय त्या तासात काढू नका, कुणी तुम्हाला काढायला सांगितलं तरी इन्चार्जना पुढे करा.

कोड संपला की क्रॅश कार्ट भरण्याचा इंडेंट लगेच टाका, कार्टला नंबरचं प्लास्टिक सील असतं, नवीन सीलचा नंबर रजिस्टरमध्ये गेला की काम संपलं. पुढचा कोड त्याच रात्री येऊ शकतो.

आगीबद्दल महाराष्ट्रात कुणाला वेगळं पटवून द्यायला नको. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली आणि 10 बाळं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारला आयसीयूत, नोव्हेंबरमध्ये अहमदनगरला आयसीयूत. क्रम रेस या नावाने शिकवतात: आधी जवळच्या माणसांना बाहेर काढा, मग अलार्म आणि फोन, मग दरवाजे लावून आग-धूर कोंडा, आणि मग जमत असेल तरच विझवा. आग विझवायचं सिलिंडर वापरताना पिन ओढायची, आगीच्या बुडाशी नेम, दांडा दाबायचा, डावी-उजवीकडे फिरवायचा. लिफ्ट अजिबात नाही. पेशंटना आधी त्याच मजल्यावर फायर डोअरच्या पलीकडे सरकवतात, जिने उतरवणं नंतर. आणि या सगळ्यात क्लार्कचं एक काम दुसरं कुणीच करू शकत नाही: सेन्सस शीट, म्हणजे त्या क्षणी मजल्यावर कोण कोण आहे, कोण डायलिसिसला खाली गेलंय, कोण एमआरआयला, कोण चालू शकत नाही, कोण ऑक्सिजनवर आहे. ती शीट हातात घेऊन बाहेर पडायचं आणि डोकी मोजायची. कॉम्प्युटरमध्ये असून उपयोग नाही, लाइट गेलेली असते, म्हणून प्रत्येक शिफ्टला प्रिंट काढा.

ऑक्सिजनचा झोनल व्हॉल्व्ह कुठे आहे ते पहिल्या दिवशी बघून ठेवा पण त्याला स्वतःहून हात लावू नका. तो बंद केला की त्या भागातल्या प्रत्येक पेशंटचा पाइपमधला ऑक्सिजन बंद होतो, तो निर्णय इन्चार्ज सिस्टर किंवा डॉक्टरांचा. 21 एप्रिल 2021 ला नाशिकमध्ये टाकी भरताना गळती झाली, पुरवठा पडला आणि वीसहून जास्त रुग्ण गेले. प्रेशरचा अलार्म वाजला तर तो म्यूट करून बसायचं नाही, बायोमेडिकल (उपकरणं बघणारा विभाग) आणि मेंटेनन्सला एकाच वेळी फोन, आणि ऑक्सिजनचे सिलिंडर कुठे आहेत ते माहीत हवं.

रक्ताचं थोडक्यात सांगते. सँपलचं लेबल पेशंटच्या बेडजवळच लावतात, काउंटरवर आणून नाही, तुमच्याकडे लेबल नसलेली ट्यूब आली तर परत पाठवा, स्वतः लावू नका. रक्ताची पिशवी वॉर्डातल्या औषधांच्या फ्रिजमध्ये ठेवायची नाही, लावायची नसेल तर ब्लड बँकेला लगेच कळवा, साधारण अर्ध्या तासाच्या आत परत गेली तरच ते विचार करतात. प्लेटलेट तर फ्रिजमध्ये अजिबात नाही, त्या 20 ते 24 डिग्रीला हलत्या ठेवतात. एफएफपी (रक्तातला गोठवलेला प्लाझ्मा) गोठलेला असतो, वितळवायला वेळ लागतो, म्हणून डॉक्टर लागेल म्हणाले की ब्लड बँकेला तेव्हाच फोन.

एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी केस: रस्त्यावरचा अपघात, मारहाण, विष, भाजणं, उंचावरून पडणं, मृतावस्थेत आणलेला पेशंट वगैरे. एमएलसी करायची का ते डॉक्टर ठरवतात, इंटिमेशन पाठवणं बहुधा तुमच्याकडे येतं. चौकीला फोन केलात की वेळ, घेणाऱ्या पोलिसाचं नाव आणि बक्कल नंबर लिहून घ्या, लेखी इंटिमेशनच्या कॉपीवर पोच घ्या, फाइलवर एमएलसीचा शिक्का मारा. पेशंटचे रक्ताने भरलेले कपडे कचऱ्यात जाऊ देऊ नका आणि नातेवाइकांच्या हातातही देऊ नका, ते पुरावा असू शकतात. पण यातलं काहीही उपचाराच्या आधी येत नाही. सुप्रीम कोर्टाने 1989 च्या परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की जीव वाचवणं आधी, कायदेशीर सोपस्कार नंतर. अपघातग्रस्ताला उचलून आणणारा माणूस नाव सांगत नसेल तर त्याला अडवायचं नाही, मोटार वाहन कायद्यातल्या 134ए कलमाने त्याला ते संरक्षण आहे. हे सिक्युरिटीला पण माहीत नसतं कधीकधी, तुम्ही सांगा.

जमाव चढून आला, आवाज वाढला तर काउंटर उघडा टाकून भांडायला जाऊ नका, सिक्युरिटीचा कोड द्या, फाइली कपाटात टाका, आणि 112 लावायची वेळ आलीय का हे ड्यूटी मॅनेजरना विचारायच्या भानगडीत उशीर करू नका. 2010 च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार हॉस्पिटलच्या माणसांवर हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा आहे.

शेवटचं तुम्ही विचारलंय की आधी कुठला कोर्स करू का. पैसे भरून टर्मिनॉलॉजीचा कोर्स आत्ता नको. जॉइन झाल्यावर बीएलएसचं (जीव वाचवायच्या प्राथमिक उपायांचं) ट्रेनिंग मागा, ते नसेल तर निदान सीओएलएस, म्हणजे फक्त छाती दाबण्याचं, जे भूलतज्ज्ञांची संघटना सामान्य लोकांना शिकवते: मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोल. रात्री बाथरूमच्या दारात कुणी कोसळलं आणि पहिल्यांदा तुम्हालाच दिसलं असं होऊ शकतं, तेव्हा सिस्टर येईपर्यंत उभं राहून बघायची वेळ येऊ नये. ही ट्रेनिंग्ज बऱ्याचदा फक्त नर्सिंगच्या यादीत असतात, क्लार्कचं नाव त्यात नसतंच, तेव्हा इंडक्शनच्याच आठवड्यात एचआरला मेल टाका, इन्चार्ज सिस्टरना कॉपीत ठेवा, आणि पुढच्या मॉक ड्रिलची तारीख विचारून ती ड्यूटी मागून घ्या.